सिफिलिस माझ्यात आला कुठून, आणि माझ्याकडून कुणाकडे गेला असेल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुमचं वय ३६, लग्नाला सात वर्षं झाली, चार वर्षांची मुलगी आहे. नोकरीसाठी केलेल्या वैद्यकीय तपासणीत व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह, १:४’ आली आणि पाठोपाठ टीपीएचए ही खात्री करणारी दुसरी तपासणी पॉझिटिव्ह. पत्नीच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. लग्नाआधी, नऊ-दहा वर्षांपूर्वी, एक-दोन ठिकाणी संबंध आले होते, पण जखम किंवा पुरळ उठल्याचं तुम्हाला आठवत नाही. म्हणून तुम्ही विचारता, की सार्वजनिक संडास, दुसऱ्याचा वस्तरा, टॉवेल यांतून हे आलं असेल का? मुलगी माझ्याच ताटात जेवते, तिला लागलं असेल का? आणि मला आहे तर पत्नीला कसं नाही?

या सगळ्याच्या तळाशी दोनच प्रश्न आहेत. हा रोग माझ्यात आला कुठून, आणि माझ्याकडून तो आज कुणाकडे जाऊ शकतो. गेली चोवीस वर्षं मी त्वचा आणि गुप्तरोगाची ओपीडी बघते आहे. असा कागद हातात घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्या प्रश्नात इतके अडकलेले असतात, की दुसरा विचारायचाच राहतो. तुम्ही दोन्ही विचारलेत ते बरं झालं. फक्त मी क्रम उलटा घेणार आहे. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच खात्रीनं देता येतं आणि त्यावर लगेच काही करताही येतं. पहिल्याचं उत्तर पुष्कळदा अंदाजाशीच थांबतं.

आधी जंतूचा स्वभाव समजून घ्या, कारण पसरण्याचे सगळे नियम त्यातूनच निघतात. सिफिलिस, म्हणजे आपण ज्याला गरमी किंवा उपदंश म्हणतो तो, ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या जंतूमुळे होतो. १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन या जर्मन संशोधकांनी तो शोधला. मळसूत्रासारखा पिळदार आणि इतका बारीक, की नेहमीच्या पद्धतीनं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर हाती लागत नाही. काळोख्या पार्श्वभूमीवर प्रकाश पाडून तो शोधावा लागतो. माणूस सोडून त्याला निसर्गात दुसरं घर नाही. वाळला की मेला, साबण लागला की मेला, उष्णतेनं मेला. नळीत, बशीत तो वाढावा म्हणून संशोधकांनी शंभर वर्षं खटपट केली. सलग वाढवणं जमल्याचं प्रसिद्ध झालं ते थेट २०१८ मध्ये, तेही सशाच्या जिवंत पेशींच्या सोबतीनं. ज्याला प्रयोगशाळेत एवढे लाड करूनही जगवणं कठीण, तो संडासाच्या कोरड्या सीटवर किंवा दांडीवर वाळत घातलेल्या टॉवेलात तुमची वाट बघत बसत नाही.

म्हणजे लागण व्हायची तर एका माणसाच्या अंगावर जंतूंनी भरलेली ओली जखम किंवा चट्टा हवा, तो दुसऱ्याच्या नाजूक ओल्या त्वचेला किंवा कुठेतरी खरचटलेल्या कातडीला थेट टेकायला हवा, आणि मध्ये वाळायला वेळ मिळता कामा नये. लैंगिक संबंधात हे सगळं एकदम जुळून येतं, म्हणून हा रोग प्रामुख्यानं संबंधातून पसरतो. योनिमार्गाचा संबंध असो, गुदमार्गाचा असो की तोंडाचा; स्त्री-पुरुष असोत, दोन पुरुष असोत की दोन स्त्रिया. जंतूला फक्त ओल आणि जवळीक कळते.

संबंधाशिवाय लागण होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात काचेची भांडी फुंकून बनवणाऱ्या कामगारांमध्ये सिफिलिसच्या साथी नोंदल्या गेल्या. काच फुंकायची एकच नळी एकाच्या तोंडातून लगेच दुसऱ्याच्या तोंडात जायची, आणि पहिल्याच्या ओठावर चट्टा असायचा. रबरी हातमोजे येण्याआधी डॉक्टर, सुइणी यांच्या बोटांवर चट्टे उठायचे. ज्यांच्या तोंडात चट्टे होते अशा मोठ्या माणसांनी घास चावून बाळाला भरवल्यामुळे मुलांना लागण झाल्याच्याही तुरळक नोंदी आहेत. पण या प्रत्येक ठिकाणी बघा, ओला चट्टा आहे, थेट स्पर्श आहे आणि मध्ये काही सेकंदांचंच अंतर आहे. सार्वजनिक संडासात यातलं काहीच नसतं. वस्तऱ्याबद्दल काळजी करायचीच तर ती कावीळ ब वगैरेंची करा. सिफिलिस त्या वाटेनं येतो असं मी माझ्या सगळ्या वर्षांत पाहिलेलं नाही.

आता ‘जखम आठवत नाही’ या तुमच्या वाक्याकडे येते. हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. लोक लपवतात असा आमच्यातल्या तरुण डॉक्टरांचा समज असतो. थोडे लपवतातही. पण या रोगाची खरी गंमत, गंमत म्हणायची तर, अशी की तो दुखत नाही.

जंतू शिरल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी, क्वचित दहा दिवसांत तर क्वचित तीन महिन्यांनी, जिथून तो शिरला तिथे एक चट्टा उठतो. बहुतेकदा एकच. कडा टणक, तळ स्वच्छ, बोटांत धरला तर सदऱ्याच्या बटणासारखा लागतो. दाबलं तरी दुखत नाही. जांघेत अवधाण यावं तशा गाठी येतात, त्याही दुखत नाहीत. पुरुषाच्या लिंगावर आला तर निदान दिसतो तरी. स्त्रीच्या गर्भाशयमुखावर किंवा योनीच्या आतल्या भागात आला तर तिला कळणार कसा? गुदद्वाराच्या आत आला तर माणूस मूळव्याध समजून मलम लावत बसतो. घशात टॉन्सिलवर आला तर घसा धरल्यासारखं वाटून विषय संपतो. आणि उपचार करा किंवा न करा, तीन ते सहा आठवड्यांत हा चट्टा आपोआप भरून येतो.

या आपोआप भरण्यानं फार घोटाळा करून ठेवला आहे. ‘गरमी’ हे नाव ऐकून अंगात उष्णता झाली असं समजणारे, थंड पदार्थ खाणारे, कुणाकडून तरी लेप, पुड्या आणणारे रुग्ण मी अजूनही बघते. लेप लावल्यावर महिन्याभरात चट्टा जातो. तो तसाही गेलाच असता. पण नाव लेपाचं होतं, लेप देणाऱ्याची ख्याती वाढते, आणि जंतू तोपर्यंत रक्तातून सगळीकडे पोचलेला असतो.

मग काही आठवड्यांनी दुसरी अवस्था येते. अंगावर पुरळ उठतं, बहुधा न खाजणारं. तळहात आणि तळपायांवर तांबूस-तपकिरी डाग येतात. बारीक ताप, गाठी, घशात किंवा तोंडात पांढुरके चट्टे. डोक्यावरचे केस ठिकठिकाणी विरळ होतात, उंदरानं कुरतडल्यासारखे. घरचे म्हणतात चाई पडली. जांघेत, गुदद्वाराभोवती चपटे, ओलसर, मोडासारखे उंचवटे येतात आणि त्यांत जंतू खच्चून भरलेले असतात. पसरवण्याच्या दृष्टीनं हा सगळ्यात धोक्याचा काळ. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ आले होते ते तळहाताच्या अ‍ॅलर्जीसाठी. तीन महिने साबण बदलत होते, भांडी घासायची पावडर बदलत होते. मी तळपाय दाखवा म्हटल्यावर चकित झाले, कारण तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून न खाजणारं पुरळ घेऊन कुणी आलं की बूट-मोजे काढायला लावायची मला सवयच लागली आहे. हे पुरळही आपोआप जातं.

तोंडाच्या संबंधाबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात, डॉक्टरांच्यासुद्धा. एका तरुण मुलीच्या खालच्या ओठावर महिनाभर चट्टा होता. नागीण समजून औषधं झाली होती. ‘संबंध आला होता का’ असं मी विचारलं, तिनं ठामपणे नाही म्हटलं, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबात तोंडाचा संबंध हा संबंधच नव्हता. त्यात गर्भ राहत नाही, म्हणजे धोकाही नाही असं तिनं धरलं होतं. चूक माझ्या प्रश्नाची होती. आता मी शरीराचा कुठला भाग कुठे लागला इतक्या सरळ शब्दांत विचारते. तोंडात चट्टा असेल तर खोल चुंबनातूनही लागण होऊ शकते, जरी असं क्वचित घडत असलं. गालावरच्या पाप्यातून, हस्तांदोलनातून, एका ताटात जेवल्यानं होत नाही.

निरोधाचंही असंच. निरोध वापरल्यानं धोका बराच कमी होतो, आणि वापरावाच. पण तो जेवढा भाग झाकतो तेवढ्याचंच रक्षण करतो. चट्टा वृषणावर, जांघेत, ओटीपोटाच्या खालच्या भागात असेल तर निरोध त्याला काय करणार? ‘डॉक्टर, मी तर नेहमी निरोध वापरला’ असं म्हणणाऱ्या माणसाला सिफिलिस झालेला मी पाहिला आहे, आणि तोही खरंच बोलत होता.

दुसरी अवस्था ओसरली की रोग दडून बसतो. याला सुप्तावस्था म्हणतात. अंगावर काही नाही, फक्त रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह. तुम्ही आज बहुधा इथे आहात. पहिल्या वर्षभरात काही जणांना पुरळ, चट्टे पुन्हा उलटतात, म्हणून त्या काळात रोगी संसर्गक्षम धरावा लागतो. काही मार्गदर्शक सूचना एक वर्षाची रेघ मारतात, जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांची. त्यानंतर संबंधातून पसरण्याची शक्यता जवळजवळ संपते. म्हणजे विचित्र परिस्थिती होते: रोग अंगात आहे, तो पुढे स्वतःच्या मेंदूला, हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या धमनीला इजा करू शकतो, पण जोडीदाराला मात्र तो सहसा जात नाही. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा लोकांना वर्षानुवर्षांनी असा गंभीर त्रास होतो.

आता तुमच्या पत्नीचं कोडं सुटतं. तुमची लागण खरोखर नऊ-दहा वर्षांपूर्वीची असेल, तर लग्न झालं तेव्हा संसर्गाचा काळ उलटून गेला होता. ती निगेटिव्ह असण्यात नवल काही नाही. आणि संसर्गाच्या ऐन काळातसुद्धा प्रत्येक जोडीदाराला लागण होतेच असं नाही. वेगवेगळ्या अंदाजांनुसार सुमारे एकतृतीयांश ते निम्म्याहून थोडी अधिक माणसं त्यात सापडतात. तिची टीपीएचए निगेटिव्ह आहे हे जास्त महत्त्वाचं. ही तपासणी एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते. तिनं कधी सिफिलिसचा उपचार घेतलेला नाही आणि टीपीएचए निगेटिव्ह आहे, याचा सरळ अर्थ तिला हा रोग झालेलाच नाही.

आणि यातूनच मुलीचंही उत्तर मिळतं. बाळाला हा रोग वडिलांकडून थेट मिळत नाही. तो आईच्या रक्तातून, वारेतून गर्भाकडे जातो, किंवा प्रसूतीच्या वेळी आईच्या चट्ट्याचा स्पर्श होऊन. आईला रोग झालाच नाही, तर मुलीला जन्मतः असण्याचा प्रश्न उरत नाही. राहिलं एका ताटात जेवणं, कुशीत झोपणं, पापे घेणं. तुमच्या अंगावर, तोंडात कुठे चट्टा नसेल तर त्यातून काही होत नाही. आज रात्री तिला जवळ घेऊन निवांत झोपा. तुमच्या उत्तरातला हा भाग मी सगळ्यात आधी लिहायला हवा होता खरं तर.

गर्भवतीबद्दल मात्र वेगळा नियम आहे आणि तो माहीत असलेला बरा. संबंधातून पसरण्याचा काळ संपलेल्या बाईकडूनही गर्भाला लागण होऊ शकते, कारण तिथे चट्ट्याची गरज नसते. रक्तातले जंतू वार ओलांडतात. रोग ताजा असेल तर ही शक्यता फार मोठी, जुना होत जाईल तशी कमी, पण वर्षानुवर्षं शून्य होत नाही. गर्भपात, पोटात बाळ दगावणं, जन्मतः रोग असलेलं बाळ, असं काहीही होऊ शकतं. आणि हे सगळं पेनिसिलिनच्या साध्या इंजेक्शननं टाळता येतं, उपचार प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी झाला तर. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत ही तपासणी करतात. स्तनपानातून, दुधातून हा रोग जात नाही. स्तनावर चट्टा असेल तरच त्या बाजूनं पाजू नये.

रक्त चढवण्यातून लागण होऊ शकते, पण दात्याच्या रक्ताची तपासणी होते आणि थंड साठवणीत हा जंतू काही दिवसांत मरतो, त्यामुळे ही वाट आता जवळपास बंद आहे. तुम्ही मात्र सध्या रक्तदान करू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न, कुठून आला.

सोळाव्या शतकाच्या आसपास हा रोग जगभर फिरला तेव्हा प्रत्येकानं त्याला शेजाऱ्याचं नाव दिलं. इटलीत तो फ्रेंच रोग, फ्रान्समध्ये नेपल्सचा रोग, रशियात पोलिश रोग. आपल्याकडे आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला ‘फिरंग रोग’ म्हटलं गेलं. घराघरांतही आजवर हेच चालतं, फक्त देशांच्या जागी नवरा-बायको येतात. माझ्या ओपीडीतली एक गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील गाळून. गरोदरपणाच्या तपासणीत एका मुलीची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. नवऱ्याची त्याच दिवशी केलेली व्हीडीआरएल निगेटिव्ह. निष्कर्ष घरच्यांनी काढूनच ठेवला होता. सासू तिच्याकडे बघतही नव्हती. मी नवऱ्याची टीपीएचए करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह निघाली. त्याला एकट्यात विचारल्यावर कळलं, लग्नाच्या आगेमागे लिंगावर फोड आला होता, कुणीतरी इंजेक्शन दिलं होतं, कशाचं ते त्याला सांगितलं नव्हतं. इंजेक्शननंतर त्याची व्हीडीआरएल कालांतरानं उतरून निगेटिव्ह झाली आणि तो कागदावर निर्दोष ठरला. त्याच्याकडून जिला मिळालं ती गुन्हेगार.

हे सांगण्याचं कारण असं, की या दोन तपासण्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे कळल्याशिवाय कुणी कुणावर बोट ठेवू नये. व्हीडीआरएल किंवा तिच्यासारखीच आरपीआर ही तपासणी रोग किती सक्रिय आहे याचा साधारण अंदाज देते; १:४ हा आकडा म्हणजे रक्ताचा नमुना चौपट पातळ केला तरी ती पॉझिटिव्ह येते. उपचारानं, आणि काहींमध्ये उपचाराशिवायही वर्षानुवर्षांनी, ती उतरते. ती खोटी पॉझिटिव्हही येऊ शकते: गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा ल्युपससारख्या आजारांत, म्हातारपणी. अशा वेळी आकडा सहसा लहान असतो, पण टीपीएचए निगेटिव्ह येते. तुमच्या बाबतीत टीपीएचए पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे ‘चुकून आलं असेल’ ही आशा मी तुम्हाला देत नाही. टीपीएचए ‘कधीतरी झाला होता’ एवढंच सांगते. केव्हा झाला, कुणाकडून झाला, हे दोन्हीपैकी एकही तपासणी सांगत नाही. आकडा १:४ आहे म्हणजे रोग नक्की जुना, असंही नाही. जुन्या रोगात आकडा बहुधा लहान असतो एवढंच. लागण अगदी ताजी असेल तर तोही चढणीवर असताना लहानच दिसतो.

म्हणून तुमचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्हालाच ठाऊक आहे. गेल्या वर्ष-दोन वर्षांत पत्नीखेरीज कुणाशी कुठल्याही प्रकारचा संबंध आला नसेल, तर ही लग्नाआधीची गोष्ट आहे असं धरणं योग्य, आणि वर पत्नीबद्दल लिहिलं ते तसंच्या तसं लागू. आला असेल, तर चित्र बदलतं. तेव्हा तुम्ही संसर्गक्षम असू शकता आणि पत्नीची आजची निगेटिव्ह तपासणी पुरेशी नाही, कारण लागण झाल्यावर तपासणी पॉझिटिव्ह व्हायला काही आठवडे लागतात. अशा वेळी शेवटच्या संबंधापासून तीन महिन्यांच्या आतल्या जोडीदाराला आम्ही निगेटिव्ह असूनही उपचार देतो, वाट बघत बसत नाही. हे मला सांगू नका. तुमच्या डॉक्टरांना, पत्नी खोलीबाहेर असताना, सांगा. त्यांनी आपणहून एकट्यात विचारलं नाही तर तुम्हीच दोन मिनिटं मागून घ्या.

आणखी एक शक्यता राहते. मधल्या वर्षांत दुसऱ्याच कशासाठी घेतलेल्या पेनिसिलिननं किंवा डॉक्सीसायक्लिननं रोग आधीच बरा झाला असेल आणि आज उरला आहे तो फक्त रक्तातला ठसा. याचा पुरावा नसेल तर तो बरा झाला असं आम्ही गृहीत धरत नाही, उपचार करतो. इंजेक्शन जास्तीचं झालं तर फारसं बिघडत नाही. रोग राहून गेला तर बिघडतं.

उपचार सोपा आहे. लागण केव्हाची ते माहीत नसेल तर बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, कुल्ल्यात. वर्षाच्या आतली लागण असल्याची खात्री असेल तर एकच पुरतं. १९४३ साली हे औषध या रोगावर पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि इतक्या वर्षांत जंतूनं त्याला दाद न दिल्याचं दिसलेलं नाही; अझिथ्रोमायसिनला तो पुष्कळ ठिकाणी जुमानेनासा झाला आहे, त्यामुळे कुणी तीन गोळ्यांत बरं करतो म्हणालं तर ऐकू नका. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सीसायक्लिन महिनाभर. इंजेक्शनच्या दुखण्याबद्दल खोटं सांगत नाही, जागा दोन दिवस ठणकते. पहिल्या चोवीस तासांत थंडी वाजून ताप आला तर घाबरू नका. एकदम बरेच जंतू मरताना अंग तसं कुरकुरतं. रोग ताजा असेल तेव्हा हे जास्त दिसतं, जुन्यात कमी. अंगावर चट्टे असतील तर ते पूर्ण भरेपर्यंत आणि उपचारानंतर निदान आठवडाभर संबंध टाळायचा. तुमच्या बाबतीत डॉक्टर तोंड, जांघा, तळवे तपासतील, डोळे, कान, चालणं, स्मरण यांबद्दल विचारतील. त्यातलं काही खटकलं तर पाठीच्या पाण्याची तपासणी लागते, एरवी नाही. सोबत एचआयव्हीचीही तपासणी करून घ्या, कारण दोन्हींची वाट एकच आहे आणि सिफिलिसच्या चट्ट्यातून एचआयव्हीला शिरायला सोपं जातं. परमा आणि इतर आजारांचंही तेच: एक सापडला म्हणजे दुसरा नाही असं धरायचं नसतं.

एकदा बरा झाला म्हणजे पुन्हा होत नाही, असं नाही. कांजिण्यांसारखी कायमची प्रतिकारशक्ती याच्यात येत नाही. एकाच माणसाला तीनदा उपचार दिलेले आहेत मी, दर वेळी नव्या लागणीचे.

पत्नीला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तिच्या तपासण्या झाल्या आहेत म्हणजे तिला निदान अर्धं माहीत आहे. संडास, टॉवेल यांची गोष्ट तिला सांगू नका. ती उद्या कुणा डॉक्टरला विचारेल आणि ते खोटं ठरेल. मग खऱ्या गोष्टीवरही तिचा विश्वास बसणार नाही. लग्नाआधीचं असेल तर लग्नाआधीचं म्हणून सांगा, आणि ती निगेटिव्ह असणं त्याच्याशी कसं जुळतं ते वर लिहिलंच आहे. दोघं एकत्र डॉक्टरांकडे गेलात आणि हा भाग त्यांनी समजावला तर जास्त बरं. मी माझ्या रुग्णांसाठी हे नेहमी करते.

तिसऱ्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी, वर्षानं आणि दोन वर्षांनी व्हीडीआरएल परत करा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि तीच तपासणी, कारण व्हीडीआरएल आणि आरपीआरचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. १:४ वरून तो आकडा १:२ वर येईल, निगेटिव्ह होईल किंवा कदाचित आहे तिथेच राहील. जुन्या रोगात तो असा अडकून राहतो आणि त्यानं घाबरायचं कारण नाही. दोन पायऱ्या वर चढला, म्हणजे १:१६ झाला, तर लगेच दाखवा. टीपीएचए पुन्हा करू नका, ती पॉझिटिव्हच येणार. त्यासाठीच इंजेक्शनांच्या तारखा आणि मात्रा लिहिलेला डॉक्टरांच्या सहीचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या नोकरीच्या तपासणीत पुन्हा कुणीतरी ‘पॉझिटिव्ह’ म्हणून भुवया उंचावेल, तेव्हा तो कागद पुढे करता येईल.